सही करण्याआधी

नमस्कार, श्रोतेहो. तुमच्यापैकी कुणी नुकतेच सरपंच झाले असतील, कुणाच्या घरातली सून किंवा लेक झाली असेल. आजचं बोलणं त्यांच्यासाठी.

महाराष्ट्रात पंचायतीत 2011 पासून महिलांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत. खुर्ची मिळाली, पण कारभार कसा वाचायचा हे किती जणींना कुणी बसवून शिकवलं? प्रशिक्षणाला येणाऱ्या नव्या सदस्यांबरोबर मी वह्या घेऊन बसते, म्हणून हे तळमळीनं सांगते आहे.

एक सरपंचताई पहिल्या दिवशी म्हणाल्या, "मॅडम, सही कुठं करायची तेवढं दाखवा." मी त्यांच्यापुढे त्यांच्याच गावची रोकड वही ठेवली. एका बाजूला जमा, एका बाजूला खर्च. ताई बोट ठेवून एकेक ओळ वाचू लागल्या. 'हातपंप दुरुस्ती' या ओळीवर बोट थांबलं. "हा आमच्या वस्तीवरचाच ना? तो तर उन्हाळ्यापासून बंद आहे!"

त्यानंतर मला फारसं शिकवावं लागलं नाही. पंचायतीच्या धनादेशावर सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक, अशा दोघांच्या सह्या लागतात, त्या एकानं दुसऱ्याला तपासावं म्हणूनच. न वाचता सही केली की ती तपासणीच संपते.

दुसरी अवघड गोष्ट ग्रामसभेची. गणपूर्तीला, म्हणजे सभा भरायला लागणाऱ्या किमान हजेरीला, 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यातली लहान संख्या पुरते. तेवढे जमले नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसते. चार माणसांत ठराव उरकायची ही सोपी वाट आहे. ती टाळायची असेल तर दवंडी द्या, वस्तीवस्तीवर जा, ग्रामसभेआधीची महिला सभा मनापासून घ्या.

आणि सरपंचाला लोकांपुढे 'नाही' म्हणता आलं पाहिजे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला पोपटराव पवार 1989 मध्ये सरपंच झाले. त्या दुष्काळी गावानं शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही, ऊस लावायचा नाही असं ठरवलं. शेतकऱ्याला उसाला नाही म्हणणं किती जड, हे तुम्ही जाणताच. पण तिथं पाऊस मोजतात आणि पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडतात. आधी पिण्याचं पाणी, मग जनावरांचं, उरेल त्यावर पीक. आकडा सगळ्यांसमोर असला की नकार एकट्या सरपंचाचा राहत नाही.

त्या ताईंनी 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत रोकड वही उघडली आणि मोठ्यानं वाचायला घेतली. मागून एका आजींनी थांबवलं, "हातपंपाचं परत वाच गं."

ताईंनी परत वाचलं.