‘भिऊ नको’च्या पुढची ओळ

सगळ्यांना सलाम. पाळकसाहेबांनी अर्धा तास दिलाय आणि विषय दिलाय, भीतीच्या काळात विश्वासातून धैर्य कसं मिळतं. माझे मुद्दे तीन आहेत, तिन्ही बायबलातल्या गिदोनाच्या गोष्टीतले, त्याच्याकडे येतेच. पण आधी एक बोलून घेते कारण ते खूप दिवस मनात आहे.

आपल्या सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतो, की बायबलात ‘भिऊ नको’ बरोबर 365 वेळा आलंय, म्हणजे वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक. कुणाकुणाला आलाय? बघा, पहिल्या रांगेतले सगळेच हात वर. तर हा आकडा खरा नाही, मोजून बघा, जमत नाही. पण माझं दुखणं आकड्याचं नाहीये. दुखणं हे की फुलांच्या फोटोवर ‘भिऊ नको’ एवढंच छापतात आणि पुढची ओळ कापून टाकतात, आणि देवाला जे सांगायचंय ते बऱ्याचदा त्या पुढच्या ओळीत असतं. योसेफाला भिऊ नको म्हटलं, पुढे काय, तर मरीयेला घरी घेऊन ये. कबरेपाशी त्या बायकांना भिऊ नका म्हटलं आणि लगेच, लवकर जा, शिष्यांना सांगा. प्रेषित पौल करिंथ शहरात आला तेव्हा थरथरत होता, हे त्यानेच पत्रात लिहिलंय, आणि प्रभू रात्री दर्शनात त्याला म्हणतो भिऊ नको, बोलत राहा, गप्प बसू नको. म्हणजे धीराच्या पाठोपाठ काम येतं. मला वाटतं आपण काम बाजूला ठेवून नुसता धीर मागतो, म्हणून तो टिकत नाही.

ह्याचं उदाहरण आपल्या पुण्यातलंच आहे. शाळेत वर्षानुवर्षं इतिहास शिकवलाय त्यामुळे थोडी सवलत द्या. पंडिता रमाबाईंचं नाव आपण घेतो, फोटोला हार घालतो, पण 1897 सालाकडे नीट बघत नाही. बाईंचा बाप्तिस्मा 1883चा, इंग्लंडमधला. त्यांचं शारदा सदन, म्हणजे विधवा आणि मुलींसाठीची शाळा नि वसतिगृह, 1889 मध्ये मुंबईत सुरू झालं आणि पुढच्या वर्षी पुण्यात आलं. 1893 मध्ये गावभर गदारोळ, धर्मांतराचा आरोप, लोकांनी मुली काढून नेल्या. ज्या पुण्यात पंचहौदच्या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा प्यायला म्हणून टिळक-रानड्यांवर प्रायश्चित्ताची वेळ आली, त्या पुण्यात बाप्तिस्मा घेतलेली विधवा बाई मुलींचं सदन चालवते, विचार करा. त्यात 1897च्या सुमारास मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बाईंचे आईवडील, मोठी बहीण, सगळे असल्याच दुष्काळात उपासमारीने गेलेले. ते दृश्य परत बघायला कुठलं माणूस स्वतःहून जाईल? त्या गेल्या, आणि उपाशी मुली, विधवा घेऊन पुण्यात आल्या. इथे प्लेग. एवढ्या बाहेरच्या मुली शहरात ठेवता येणार नाहीत असं सरकारी अधिकाऱ्यांनी बजावलं, मग केडगावला शेतजमीन घेतलेली होती तिथे सगळ्यांना नेलं. आज मुक्ती मिशन बघायला दौंडच्या लोकलने जातो ना आपण, ते असं उभं राहिलंय.

आणि त्याच वर्षी अजून एक गोष्ट. सदनातल्या एका मुलीला प्लेगच्या बंदोबस्तात नेलं, तिथे तिचे हाल झाले, तर बाईंनी मुंबईच्या पेपरात उघड पत्र लिहून सरकारला जाब विचारला. सरकारने ते खोटं म्हणून उडवून लावलं. आता बाईंची बाजू बघा. गावातले सनातनी आधीच विरोधात, आणि सरकार कुणाचं, तर ज्यांचा धर्म त्यांनी स्वीकारला त्यांचं. म्हणजे पाठीशी कुणी नाही. वातावरण किती तापलेलं होतं ते गणेशखिंडीत प्लेगचा बंदोबस्त बघणाऱ्या रँड साहेबावर गोळ्या झाडल्या त्यावरून कळतं, तेही 1897च, जून महिना. अशा वेळी एका मुलीसाठी तोंड उघडायचं! मला ह्या बाईबद्दल बोलताना अजूनही भरून येतं, सॉरी, एक मिनिट.

हं. तर ह्याच्याशी जोडून माझी एक तक्रार आहे आणि ती मी आज करणारच. कोविडच्या दुसऱ्या लाटेत माझी बहीण ॲडमिट होती, ऑक्सिजनवर, आम्ही घरी फोन हातात घेऊन बसलेलो, आणि तेव्हा प्रार्थनेच्या ग्रुपमधल्या एकांनी फोन करून सांगितलं की ताई, भीती म्हणजे अविश्वास, तुमचा विश्वास कमी पडतोय. बहीण बरी झाली, प्रभूची स्तुती असो, पण ते वाक्य गेलं नाही मनातून. अहो, पकडलं जाण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशू स्वतः व्याकूळ झाला, जिवाला मरणप्राय दुःख झालंय असं म्हणाला आणि तिघा शिष्यांना म्हणाला इथे थांबा, माझ्याबरोबर जागे राहा. त्याला सोबत हवी होती. मग आजाऱ्याच्या घरच्यांना विश्वासाची परीक्षा घालणारे आपण कोण? त्यांच्याकडे डबा घेऊन जा, रात्री तिथे बसा.

पाळकसाहेब घड्याळ दाखवतायत, पाच मिनिटं म्हणे. गिदोन भराभर सांगते, घरी जाऊन बायबलातल्या शास्ते पुस्तकाचे अध्याय सहा आणि सात वाचा. पहिला मुद्दा, गिदोन देवदूताला भेटला तेव्हा द्राक्षकुंडात लपून गहू झोडत होता, पिकं लुटून नेणाऱ्या मिद्यानी लोकांच्या भीतीने, आणि देवाने त्याला तशाच अवस्थेत हाक मारली, आधी शूर हो मग ये असं म्हटलं नाही. दुसरा, बआल ह्या परक्या दैवताची वेदी पाडायला सांगितली तर त्याने ती रात्री पाडली, दिवसा घरच्यांची आणि गावाची भीती वाटली म्हणून. शास्त्रात हे स्पष्ट लिहिलंय आणि देव त्याला त्यावरून एका शब्दाने बोलत नाही. वेदी पडली ना? घाबरत केलेलं कामसुद्धा देवाकडे जमा होतं, हे मला फार मोठं वाटतं, ह्यावर खरं तर वेगळं बोलायला पाहिजे.

तिसरा, मिद्यान्यांच्या छावणीवर चालून जायच्या रात्री देव म्हणतो, एकट्याने जायची भीती वाटत असेल तर तुझा नोकर पुरा ह्याला बरोबर घेऊन खाली जा. देवाने सोबतीची सोय केली, आणि गिदोननेही लाजून नको म्हटलं नाही, घेऊन गेला.

म्हणून आमच्या महिला मंडळाने एक वही केलीय, मागच्या टेबलावर आहे. आपल्या मंडळीतलं कुणी हॉस्पिटलात असेल तर रात्री सोबत कोण बसू शकतं त्यांनी नाव, फोन आणि कुठला वार जमतो तेवढं लिहा. तरुण संघातल्या मुलांनो, तुम्ही पण, हिंजवडीवरून उशिरा येता माहितीये, शनिवार लिहा. आणि ज्यांना स्वतःलाच कुणीतरी सोबत हवंय, नोकरी गेलीय, रिपोर्ट यायचाय, काहीही असेल, त्यांच्यासाठी वहीचं शेवटचं पान ठेवलंय, तिथे नुसतं नाव लिहिलं तरी आम्ही घरी येऊ.

पाळकसाहेब, माईक घ्या.