धान्याच्या हिशोबातून आली लिपी

स्क्रीनवर हा जो मातीचा तुकडा बघताय ना, तळहातात मावेल एवढाच आहे, पण साधारण ५ हजार वर्षं जुना आहे आणि त्यावर कुठल्या राजाची स्तुती नाही की देवाची प्रार्थना नाही, त्यावर आहे जवाचा हिशोब. ३७ महिन्यांचा. सोबत एक नाव, कुशिम. हे माणसाचं नाव की हुद्दा यावर अभ्यासकांचं एकमत नाही, मला तरी तो हाडामांसाचा माणूसच वाटतो, बिअरसाठी लागणाऱ्या जवाचं कोठार सांभाळणारा.

ही गोष्ट उरुकची. आजच्या दक्षिण इराकमधलं शहर, ख्रिस्तपूर्व ३२०० च्या आसपास तिथे हजारो लोक राहत होते, देवळाच्या कोठारात धान्य यायचं, कामगारांना शिधा वाटला जायचा, आता एवढं सगळं कोण डोक्यात ठेवणार?

त्याआधी हजारो वर्षं लोक मातीचे छोटे शंकू, गोळ्या, चकत्या करून मोजायचे. मग ते एका पोकळ गोळ्यात भरून वरून शिक्का मारायला लागले, म्हणजे मधे कोणी हात मारायला नको. पण आत किती आहेत बघायचं तर गोळा फोडावा लागणार, म्हणून आत टाकायच्या आधी तेच शंकू बाहेरच्या ओल्या मातीवर दाबून खुणा करायला लागले. आणि बाहेर खूण आहेच तर आत काही भरायचं कशाला! डेनिस श्मांट-बेसेरात या संशोधक बाईंचं म्हणणं असं की इथूनच सपाट पाटी आली, आणि मला हे फार पटतं, कारण इथे कोणी एका रात्रीत शोध लावलेला नाही, अडचण आली तशी वाट काढत गेले.

पाटीवर वस्तूंची चित्रं काढायची, पण ओल्या मातीत गोलाई काढणं अवघड, म्हणून बोरूचं टोक दाबून पाचरीसारख्या रेघा आल्या, तीच क्यूनिफॉर्म लिपी. खरी उडी मात्र पुढे आहे, सुमेरियन या तिथल्या भाषेत बाणाला 'ती' म्हणायचे आणि जीवन या शब्दाचा उच्चारही तसाच, मग जीवनाचं चित्र कसं काढणार, तर बाणच काढला. चिन्ह वस्तूपासून सुटलं आणि आवाजाला चिकटलं, आता काहीही लिहिता येणार होतं.

तरी कवितेला वेळ लागला. ख्रिस्तपूर्व २३०० च्या सुमारास ऊर शहरात एनहेदुअन्ना होती, सारगॉन राजाची मुलगी, चंद्रदेवाची मुख्य पुजारीण. जगात नावानिशी माहीत असलेली पहिली कवयित्री तीच, आणि तिची स्तोत्रं पुढे कित्येक शतकं शाळेतली पोरं मातीच्या पाट्यांवर गिरवत होती.