राखट लवेची रोपटी

नमस्कार श्रोतेहो. धान कापून झालं की रामटेक, मौद्याकडच्या बांध्यांमध्ये थोडी ओल मागे राहते. थंडीत त्या ओलीवर आणि आपल्या नागपूरच्या गोरेवाडा तलावाच्या उघड्या पडलेल्या काठावर वीतभर उंचीची राखट रोपटी दिसतात. अंगभर अशी मऊ लव, की पिंजलेला कापूस चिकटलाय असं वाटावं. ग्रीक भाषेत लोकरीच्या पुंजक्याला जो शब्द आहे, त्यावरूनच यांचं नाव पडलं ग्नाफॅलियम. कूळ सूर्यफुलाचं.

आधी भांबुर्डा वेगळा काढू, कारण तोही लवदार असतो आणि त्याचंही फूल पिवळं. पान चुरगळून बघा. कडा दातेरी आणि वास कापरासारखा उग्र, तर तो भांबुर्डा. आपल्या रोपट्यांच्या पानाची कडा सलग असते, आणि तो वास नाही.

आता रोपट्याकडे वरून पाहू नका, खाली बसा आणि बाजूने पाहा. फुलांचे गच्च झुबके फक्त शेंड्याला, झुबक्यात पानं नाहीत, आणि रंग वाळल्या गवतासारखा फिका पिवळा, चकाकणारा? मग ते ग्नाफॅलियम ल्यूटिओआल्बम. ल्यूटिओआल्बम या शब्दाचा अर्थच पिवळट-पांढरं. १७५३ साली वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने ते ग्नाफॅलियम या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, घातलं होतं. आता ते दुसऱ्या प्रजातीत गेलंय, त्यामुळे जुन्या आणि नव्या पुस्तकांत नावं जुळत नाहीत. रोपटं तेच आहे, गोंधळू नका.

फुलं पानांच्या बगलेतून वर चढत गेली असतील, तर खरी परीक्षा तिथे आहे. बुडातून अनेक खोडं फुटून जमिनीलगत पसरलेलं ते बहुतेक ग्नाफॅलियम पॉलिकॉलन, म्हणजे अनेक खोडांचं. पण मूळ अमेरिकेचं आणि आता भारतातही पसरलेलं गॅमोकीटा पेन्सिल्व्हॅनिका पुष्कळसं तसंच दिसतं. मी स्वतः कित्येक हिवाळे नुसत्या ठेवणीवरून नाव लिहीत होतो. त्या नोंदींवर आज माझा भरवसा नाही, आणि त्याची मला रुखरुख आहे.

खात्री पटते ती बीवरच्या केसांनी. पिकलेलं एक बोंडुक, म्हणजे झुबक्यातलं एक सुकलेलं फूल, तळहातावर चोळा, दहापट मोठं दाखवणारं भिंग लावा. बीवरचे केस सुटे सुटे गळत असतील तर पॉलिकॉलन. बुडाशी कड्यासारखे जोडलेले, सगळे मिळून एकदम सुटत असतील तर गॅमोकीटा. गॅमोकीटा म्हणजेच जुळलेले केस! नावातच खूण ठेवलेली आहे, याचा मला फार आनंद होतो.

फोटो काढाल तर तीन काढा: अख्खं रोपटं बाजूने, पानाची खालची बाजू, आणि हे केस. फेब्रुवारी सरायच्या आत जा. उन्हं तापली की रोपटी वाळून काड्या होतात आणि बी वाऱ्यावर निघून जातं.