आवाज देल्ला तरी पाहात नाही जी

नमस्कार श्रोतेहो.

बाजाराच्या दिवशी आमच्या ओपीडीत गर्दी असते. कापूस वेचायचा रोज बुडवून एक आई साडेचार वर्षांच्या पोराला घेऊन आली. म्हणाली, "पाठीमागून आवाज देल्ला तरी हा पाहातच नाही जी. अंगणवाडीतली बाई म्हंते, लय हेकड हाये."

कान दुखतो? नाही. वाहतो? नाही. ताप? तोही नाही.

तिथंच मला शंका आली. कानाच्या पडद्यामागे साचलेलं पाणी सहसा दुखत नाही. ते फक्त आवाज अडवतं. नाकाच्या मागून मध्यकानाकडे, म्हणजे पडद्यामागच्या पोकळीकडे, एक बारीक नळी जाते. लहानग्यांत ती आखूड आणि बरीच आडवी असते. सर्दीनं ती बुजली की कानात हवा पोचत नाही आणि आतच पाणी झिरपतं. हे आंघोळीचं पाणी नव्हे बरं का! ते पडद्याच्या अलीकडेच राहतं. लसणाचं कोमट तेलही तिथवर जात नाही. उलट तेलामळानं कान भरला की मला पडदाच दिसत नाही.

कानाच्या दुर्बिणीला एक रबरी फुगा जोडलेला असतो. तो हलकेच दाबला की निरोगी पडदा आत-बाहेर हलतो. या पोराचा पडदा ढिम्म. रंग मधासारखा, वरच्या बाजूला दोन बुडबुडे. नुसता लाल पडदा पाहून निदान करू नये. लेकरू रडलं तरी तो लाल होतो.

मग टिंपॅनोमेट्री. कानाच्या तोंडाशी मऊ रबर बसवून यंत्र हवेचा दाब कमी-जास्त करतं आणि पडदा किती हलतो ते मोजतं. काही सेकंदांचं काम, मुलाला काही सांगावं लागत नाही. निरोगी कानाचा आलेख टेकडीसारखा वर जातो. पाणी असलं की रेघ सपाट, आपल्या काळ्या शिवारासारखी. पण मळ गच्च असला किंवा पडद्याला भोक असलं तरी रेघ सपाटच येते. म्हणून आधी डोळ्यानं पाहायचं, मग यंत्र लावायचं. हे यंत्र सगळीकडे नसतं, फुगा मात्र कुठल्याही दवाखान्यात ठेवता येतो. तो वापरायचा कंटाळा आम्ही डॉक्टरच करतो, हेही सांगून टाकतो.

बहुतेक मुलांचं पाणी 3 महिन्यांत आपोआप जिरतं. अँटिबायोटिकनं किंवा सर्दीच्या गोळ्यांनी त्याला घाई होत नाही. 3 महिन्यांनी पुन्हा कान पाहायचा आणि ऐकण्याची तपासणी करायची. पाणी तसंच असलं आणि ऐकू कमी येत असलं, तर पडद्यात बारीक नळी बसवायचा विचार. तोंडातली टाळू फाटलेल्या लेकराच्या कानांवर मात्र पहिल्यापासूनच लक्ष हवं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आलं की "हा ऐकत नाही" एवढं जरूर सांगा. घरात विडी आणि चुलीचा धूर जितका कमी, तितकं बरं.

त्या आईला मी पुढची तारीख लिहून दिली. दारातून ती परत फिरली.

"तवरी याले रागवाव का नाही जी?"

म्हटलं, "रागवा की. फक्त समोर येऊन रागवा, म्हणजे त्याला ऐकू येईल."