आंग्लिरूच्या चढावर मी कोणाच्या बाजूनं होतो

मित्रहो, नमस्कार. माझ्या लाडक्या सायकलपटूला, रोग्लिचला, तुमच्यातले काही जण गद्दार म्हणतात, आंग्लिरूच्या चढावर त्यानं आपल्याच संघाच्या सेप कुसला मागं टाकलं म्हणून; त्यावर बोलायचंय. हा पिवळा-काळा शर्ट मी मुद्दाम घालून आलोय. पोटावर जरा ताणला जातो, तिकडे दुर्लक्ष करा. छातीवर काय लिहिलंय बघा: जम्बो-विस्मा. जम्बो ही नेदरलँड्समधली किराणा दुकानांची साखळी आणि विस्मा ही नॉर्वेची सॉफ्टवेअर कंपनी. या दोघांकडून मी आजवर पैशाची वस्तू घेतलेली नाही, पुढं घेईन असंही नाही. तरी जुलै आला की मी हा शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसतो आणि घरचे जेवायला हाका मारत राहतात. फुटबॉलवाल्याला आपला क्लब सांगता येतो. सायकल शर्यतीच्या चाहत्याला 'तुमचा संघ कोणता?' असं विचारलं की तो आधी विचारतो, 'कोणत्या सालचा?'

याच संघाचं घ्या. 1984 साली तो क्वांटुम नावाच्या दुकानांच्या नावानं सुरू झाला. मग एका बिनदारूच्या बिअरचं नाव लागलं, मग सॉफ्टवेअरचं, 1996 पासून राबोबँकेचं. 2012 मध्ये उत्तेजकांच्या प्रकरणानं सगळा खेळ नासला तेव्हा बँकेनं अंग काढून घेतलं. पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला या संघाचं नाव काय होतं? ब्लँको. म्हणजे कोरा! जागा रिकामी आहे, या आणि नाव लावा. त्यानंतर बेल्किन आलं, लोटो आलं, जम्बो आलं आणि 2024 पासून जम्बोही गेलं. म्हणजे या शर्टावरचा संघ आज त्या नावानं अस्तित्वातच नाही.

म्हणून आमच्यात माणूस धरतात. फ्रेंचांनी पुलिदोरला असा धरला होता की विचारू नका. रेमों पुलिदोर 1960 ते 1977 एकाच मर्सिए संघाकडून खेळला, टूर द फ्रान्समध्ये आठ वेळा पहिल्या तिघांत आला आणि पिवळी जर्सी, म्हणजे एकूण वेळेत सगळ्यांच्या पुढं असणाऱ्याची, एक दिवससुद्धा अंगावर चढली नाही. पाच वेळा जिंकणाऱ्या आंकतीलला मान होता, जीव पुलिदोरवर होता. 2021 मध्ये त्याच्या नातवानं, मात्यू वान देर पूलनं, पिवळी जर्सी मिळवली तेव्हा आजोबांना जाऊन दोन वर्षंही झाली नव्हती. नातू रडला. मीही थोडा रडलो. आता हसू नका!

मी धरलेला माणूस म्हणजे प्रिमोझ रोग्लिच. स्लोव्हेनियाचा, जेमतेम एकवीस लाख वस्तीच्या देशातला. आधी हा बर्फावरून स्कीवर उड्या मारायचा, त्यात कुमार गटाच्या सांघिक स्पर्धेत जगज्जेता झाला आणि सायकलकडे उशिरा वळला. मी त्याला खरा धरला तो त्याच्या पराभवाच्या दिवशी. 19 सप्टेंबर 2020. टूरचा शेवटून दुसरा दिवस, एकट्यानं घड्याळाविरुद्ध चालवायचे 36 किलोमीटर, शेवट ला प्लांश दे बेल फियच्या चढावर. रोग्लिचकडे 57 सेकंदांची आघाडी होती. समोर त्याच्याच देशाचा, बावीसही पूर्ण न झालेला तादेय पोगाचार. संध्याकाळपर्यंत 57 सेकंदांची आघाडी जाऊन 59 सेकंदांची पिछाडी झाली. हेल्मेट तिरकं झालेलं, चेहरा पांढराफटक. बाजूला बसलेले त्याच्याच संघाचे दुमूलां आणि वान आर्त, दोघांची तोंडं उघडी. आणि हा गृहस्थ उठून पोगाचारला मिठी मारायला गेला. पंधरा दिवसांनी बेल्जियममधल्या लिएज-बास्तोन-लिएज या एका दिवसाच्या शर्यतीत फ्रान्सच्या आलाफिलिपनं रेषेच्या अलीकडेच हात वर केले आणि आमच्या माणसानं मान खाली घालून चाक पुढं ढकललं. जिंकला! त्या दिवसापासून मी कोणालाही सांगतो, हात वर करायची घाई करू नये.

आता मुद्द्यावर येतो, कारण इथं अर्धे लोक मला त्यावरूनच भांडायला आलेत.

ही शर्यत एकट्याच्या नावावर जमा होते, पण चालवतात आठ जण. पुढच्याच्या पाठीला चिकटून चाललं की वाऱ्याचा बराचसा त्रास वाचतो, म्हणून सात जण एकासाठी वारा अंगावर घेतात. संघाच्या गाडीकडे मागं जायचं, पाठीला पाण्याच्या बाटल्या कोंबून परत पुढं यायचं, नायकाचं चाक पंक्चर झालं तर आपलं काढून द्यायचं. याला फ्रेंचमध्ये शब्द आहे डोमेस्टिक, आपल्या भाषेत घरगडी. 1911 मध्ये टूरचे संस्थापक देग्रांज यांनी ब्रोको नावाच्या खेळाडूला शिवी म्हणून तो वापरला. आज ते हुद्द्याचं नाव आहे.

सेप कुस हा असा घरगडी. अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधल्या दुरांगोचा. आपल्याकडे मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात ना, तसा हा घाटातला राजाच, पण राज्य कायम दुसऱ्याला देणारा. 2023 साली त्यानं जिरोत, म्हणजे इटलीच्या मोठ्या शर्यतीत, रोग्लिचसाठी रक्त आटवलं, टूरमध्ये संघाच्या दुसऱ्या नायकासाठी, विंगेगोरसाठी आटवलं, दोघेही जिंकले. मग तिसरी मोठी शर्यत, स्पेनची व्हुएल्टा. तिथं सहाव्या दिवशी तो पुढच्या टोळीतून निसटून जिंकला आणि आठव्या दिवशी आघाडीवाल्याची लाल जर्सी त्याच्याकडे आली. मागं दोन नायक, दोघेही त्याच्याच संघाचे. संघाचं म्हणणं असं की कोण जिंकणार ते रस्ता ठरवेल.

सतराव्या दिवशी आंग्लिरू. अस्तुरियासमधला साडेबारा किलोमीटरचा चढ, एका ठिकाणी तेवीस टक्क्यांच्याही वर. इथं बसलेल्या सिंहगडवाल्यांनी कल्पना करावी, तीही खाली बसून. धुकं दाटलेलं. रोग्लिचनं वेग वाढवला, विंगेगोर त्याच्या चाकाला चिकटला आणि कुस मागं पडला. लाल जर्सी घातलेला गडी एकटा मागं राहिला आणि त्याचे दोन मालक वर निघून गेले.

त्याला ओढलं कोणी? मिकेल लांडानं. दुसऱ्या संघाचा, बाहरेनचा! या लांडाची जन्मकुंडलीच तशी. 2015 च्या जिरोत फिनेस्त्रेच्या घाटात तो पुढं निघालेला असताना संघानं त्याला सहकारी आरूसाठी थांबवलं. 2017 च्या टूरमध्ये संघनायक फ्रूमसाठी राबला आणि तिसरा क्रमांक एका सेकंदानं हुकला. एका सेकंदानं! कुसच्या पुढं चाक लावताना त्याच्या मनात काय होतं मला माहीत नाही, पण ते चाक योग्य माणसाच्या पुढं होतं. वर पोचल्यावर कुसकडे फक्त आठ सेकंदांची आघाडी उरली होती.

रोग्लिच ती चढण जिंकला. मी टाळी वाजवली नाही. रात्री नऊच्या सुमारास लॅपटॉप मिटला आणि थंड आमटी गिळत बसलो. तीन वर्षांत पहिल्यांदाच असं झालं की माझा माणूस जिंकला होता आणि मी लांडाच्या बाजूनं होतो.

रोग्लिचसाठी 'गद्दार' हा शब्द मात्र मला मान्य नाही. 2022 ची टूर आठवा. पाचव्या दिवशी खांदा निखळला, तो यानं प्रेक्षकाच्या खुर्चीचा आधार घेऊन स्वतःच बसवला. सात दिवसांनी गालिबिए घाटाच्या रस्त्यावर तोच खांदा घेऊन हा आणि विंगेगोर आळीपाळीनं पोगाचारवर तुटून पडत होते. त्या संध्याकाळी ग्रानोंच्या चढावर पोगाचारचा दम संपला आणि पिवळी जर्सी विंगेगोरची झाली. त्या दिवशी घरगडी कोण होतं? बरं, नायकावर चाल करणंही नवं नाही. 1987 च्या जिरोत स्टीफन रोशनं स्वतःच्याच संघाच्या व्हिसेंतिनीची आघाडीची गुलाबी जर्सी काढून घेतली, रस्त्यावर इटालियन लोक त्याच्यावर थुंकले आणि तो शर्यत जिंकला. माझा राग आहे तो संघाच्या गाडीत बसलेल्यांवर. रस्ता ठरवेल असं म्हणणं म्हणजे स्वतः काहीच न ठरवणं. दुसऱ्या दिवशी त्यांना ते ठरवावंच लागलं. मग दोघेही कुससाठी राबले, माद्रिदला कुस सतरा सेकंदांनी जिंकला, विंगेगोर दुसरा, रोग्लिच तिसरा.

त्या हिवाळ्यात रोग्लिच बोरा संघाकडे गेला. 2024 ची व्हुएल्टा त्यानं तिकडून जिंकली, ती त्याची चौथी. त्या शर्यतीत कुस जुन्याच संघात होता, म्हणजे शर्ट एकीकडे आणि माणूस दुसरीकडे. मी हाच शर्ट घालून रोग्लिचच्या नावानं ओरडत होतो. बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं, 'अहो, पिवळे ते आपले ना?' मी म्हटलं, 'हो, पण आज ते हरायला हवेत.' तिनं गॅस बंद केला आणि येऊन शेजारी बसली. आता तुमचे प्रश्न विचारा, लांडावाल्यांना पहिली संधी.