कानस तुटते, पहार वाकते: कणखर नक्की कोणाला म्हणायचं?

राम राम मंडई!

(टेबलावर एक कानस, एक पहार आणि एक पितळी तांब्या)

ही कानस बघा. लोखंडावर घासली तर लोखंड झिजतं, हिच्यावर ओरखडासुद्धा येत नाही. इतकी कठीण. पण हीच उंचावरून फरशीवर पडली तर दोन तुकडे होऊ शकतात. आता ही पहार घ्या. मुरुमात घाला, दगडाखाली घालून रेटा. फार तर वाकेल. वाकलेली पहार लोहार तापवून सरळ करून देतो. तुटलेली कानस भंगारात जाते.

धातूचं काम करणारे या गुणांना दोन वेगळे शब्द वापरतात, कठीणपणा आणि चिवटपणा. माणसाबद्दल बोलताना मात्र आपण दोन्हीला 'कणखर' म्हणून मोकळे होतो. त्यापायी तालमीत पोरं जखमी होतात आणि घरात म्हातारी माणसं आतल्या आत कुढतात. म्हणून आज हा फरक नीट समजून घेऊ.

सुरुवात तालमीपासून. खान्देशात कुस्तीचं नाव काढलं की चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावचे विजय चौधरी आठवतात. 2014, 2015 आणि 2016 असे सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी. लोकांना त्यांची उंची दिसते, ताकद दिसते. पण पैलवानाचा कस लागतो तो खाली गेल्यावर. समोरच्याने मागून कब्जा घेतलाय, त्याचं सगळं वजन पाठीवर आहे, हनुवटी मातीत रुतली आहे, अशा वेळी.

नवीन पोरगं तिथे दोन चुका करतं. श्वास कोंडतं आणि अंगातला प्रत्येक स्नायू आवळून धरतं. आवळलेल्या स्नायूत रक्त नीट फिरत नाही. अर्ध्या-एक मिनिटात मनगटापासून कोपरापर्यंत हात भरून येतात आणि पकड आपोआप सुटते. बघणारे म्हणतात, पोरगं कच्चं निघालं. खरं तर त्याने जोर भरपूर लावला, पण भलत्या ठिकाणी खर्च केला.

मुरलेला गडी खाली असताना कोपरं बरगडीला चिकटवतो, गुडघे कमरेखाली घेतो आणि बाकी अंग सैल सोडतो. श्वास तोंडाने थोडा थोडा सोडत राहतो. वरचा माणूस डाव लावायला हात बदलेल, त्या क्षणाची वाट बघतो. ही वाट बघण्याची ताकद सरावाने येते, आणि सराव साधा आहे. जोडीदाराला पाठीवर घ्या. 30 सेकंद पलटायचं नाही, एवढंच काम. आणि त्या 30 सेकंदांत आपले श्वास मोठ्याने मोजायचे. ज्याने श्वास कोंडलाय त्याला मोजता येत नाही, त्यामुळे चूक लगेच वस्तादांच्या कानावर पडते. 30 सेकंद विश्रांती, असे सहा फेरे. तीन आठवड्यांत मिनिटापर्यंत न्या. पहिल्या आठवड्यात जोडीदाराने निम्माच जोर लावायचा. पहिल्याच दिवशी पूर्ण जोराने दाबलं तर पोरगं घाबरण्याचाच सराव करतं, आणि तो सराव पुढे मोडायला महिने लागतात.

जोर-बैठकांचंही तेच. नवख्याने 15 जोरांचे चार फेरे आणि 25 बैठकांचे चार फेरे पुरेसे. दर आठवड्याला साधारण दहावा हिस्सा वाढवा. पहिल्याच दिवशी कोणाच्या पैजेवर 500 बैठका मारल्या तर स्नायू फाटून त्यातला मळ मूत्रपिंडात जाऊ शकतो. लघवी चहाच्या रंगाची झाली तर मालिश करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी. स्नायू मेहनतीत मोडतो आणि झोपेत भरतो.

आणि हौद्याची, म्हणजे कुस्तीच्या आखाड्याची माती. तिच्यात तेल, हळद, ताक, लिंबू घालतात ते आपण कौतुकाने सांगतो. पण ती रोज खणावी लागते हे मोलाचं. चार दिवस फावडं लागलं नाही तर माती थापीसारखी बसते आणि खांदे निखळतात.

आता वजन उतरवण्याबद्दल, कारण इथे 'कणखर' या शब्दाने जीव गेले आहेत. 1997 च्या अखेरीस अमेरिकेत कॉलेजचे तीन पैलवान काही आठवड्यांच्या आत दगावले. तिघेही वजनगटात बसण्यासाठी पाणी तोडून, घाम काढून वजन उतरवत होते. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीचे नियम बदलले. आता आठवड्याला शरीराच्या वजनाच्या दीड टक्क्यापेक्षा जास्त उतरवता येत नाही. म्हणजे 60 किलोच्या पोराला 900 ग्रॅम. आपल्याकडे वैशाखात पारा 45 च्या आसपास जातो, तेव्हा प्लास्टिकचा सूट घालून पळणारी पोरं दिसली की थांबवा. उन्हाची सवय व्हायला शरीराला 10 ते 14 दिवस लागतात. तोवर मेहनत पहाटेच, पाणी जवळ ठेवून.

(तांब्या हातात)

आता हा तांब्या. तांबटाला काम करताना बघितलंय का? तो ठोकतो, थोड्या वेळाने थांबतो, भांडं लाल होईपर्यंत तापवतो, गार करतो आणि पुन्हा ठोकतो. कारण पितळ ठोकल्यावर कठीण होत जातं. मधे ताव दिला नाही तर चिरतं. ताव दिला की परत मऊ पडतं आणि पुढचा घाव सोसतं.

हेच पितळ भुसावळजवळच्या वरणगावात वेगळ्या कामाला लागतं. तिथला आयुध निर्माणी कारखाना 1964 पासूनचा, बंदुकीच्या गोळ्यांचा. 1971 चं युद्ध 3 ते 16 डिसेंबर, 13 दिवस चाललं. सीमेवर जवान होते आणि इथे पाळीवर जाणारे बाप होते. डबा घेऊन जायचे, डबा घेऊन यायचे. काय करता असं विचारलं तर 'ड्युटी' एवढंच सांगायचे. कारखान्यातलं बाहेर बोलायचंही नसतं.

ते काम काय असतं ते समजून घ्या. पुंगळी म्हणजे गोळीमागचं दारू भरायचं पितळी कवच. तिच्या पितळात 70 भाग तांबं आणि 30 भाग जस्त. आधी छोटी वाटी, मग ती साच्यातून ओढून ओढून लांब नळी. दर दोन ओढींच्या मधे भट्टी. मग बूड, बुडात ठिणगी पाडणारी टोपी, दारू, वर गोळी, आणि शेवटी मापं. दारू भरायची राहिली तर नुसत्या टोपीच्या धक्क्याने गोळी बंदुकीच्या नळीतच अडकते, आणि मागून दुसरी झाडली की नळी फुटते, जवानाच्या तोंडासमोर. टोपी केसभर वर राहिली तर बंदूक भलत्या वेळी उडू शकते. म्हणून पाळीच्या शेवटच्या तासातली पुंगळी पहिल्या तासाइतक्याच बारकाईने बघायची असते, आणि तिथे शड्डू ठोकायला कोणी नसतं. आम्ही या माणसांना पैलवानाच्या बरोबरीने कणखर मानतो.

लढाईतलाही एक दाखला. नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव, मराठा लाइट इन्फंट्रीचे. काम कंपनीचे निरोप पोचवण्याचं. 9 एप्रिल 1945 ला इटलीत सेनिओ नदीवर त्यांनी आधी दोन जखमी सोबत्यांना एकेक करून खोल पाण्यातून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून मागे नेलं. मग परत जाऊन शत्रूची मशीनगनची ठाणी एकट्याने बंद पाडली. हाताला गोळी लागल्यावर बंदूक टाकून हातबॉम्ब वापरले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. क्रम लक्षात घ्या, आधी जखमी.

आता पितळाची उरलेली गोष्ट. ब्रिटिश फौजेच्या भारतातल्या साठ्यात पावसाळ्यात पुंगळ्यांना आपोआप चिरा पडायच्या, कोणी हात न लावता. कारण पुढे उलगडलं. पुंगळ्या बनवताना पितळात राहिलेला ताण, आणि घोड्यांच्या पागेतल्या मुतातून हवेत येणारा अमोनिया. बाहेरून चकचकीत, आत ताण. 1921 मध्ये संशोधकांनी हे मांडलं. उपाय सौम्य होता. मंद आचेवर तापवून ताण उतरवायचा, कठीणपणा तसाच राहतो.

बोलायचं नाही अशी शिस्त अंगात भिनलेले बाप, मग ते कारखान्यातले असोत की पलटणीतले, घरी एवढंच म्हणतात, "बठ्ठं बरं शे." म्हणजे सगळं बरं आहे. ड्युटीच्या वेळी हे बरोबर होतं. घाबरलेल्या घराला त्याचा आधार होता. पण 1971 ला विशीत असलेला जवान आज पंचाहत्तरी-ऐंशीचा आहे, कारगिलला गेलेले पन्नाशीच्या आसपास किंवा पुढे आहेत. निवृत्तीनंतर हाताला काम राहिलं नाही की जुनं वर येतं, असं पुष्कळदा होतं. दिवाळीच्या फटाक्याला दचकणं, रात्री ओरडून उठणं, दारू वाढणं, पलटणीच्या मित्रांना टाळणं. महिनाभराहून जास्त चाललं तर डॉक्टरला दाखवा. टेलि-मानसचा 14416 हा नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. माजी सैनिकांसाठी जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयातही विचारा.

आणि घरी काय करायचं? "आप्पा, तुम्हाला काय वाटायचं?" असं समोर बसून विचारू नका, उत्तर येणार नाही. कामाचं विचारा. माप कसं लावायचात, रात्रपाळीत चहा कोण करायचं, ट्रंकेत काय काय असायचं. चारचौघांत नको. हाताला काम असताना विचारा, शेंगा फोडताना किंवा बांधावर. मधेच गप्प झाले तर होऊ द्या, पुढचा प्रश्न विचारू नका. शेंगा संपेपर्यंत शेजारी बसा.