पुरातली गाडी, कार्डावरचे पैसे

(दृश्य : पहाटेचा आयर्विन पूल. खांबावरील फुटांच्या खुणा आणि खाली संथ वाहणारी कृष्णा.)

सांगलीत कृष्णेची पातळी आयर्विन पुलापाशी फुटांत मोजली जाते. ४० फुटांवर इशारा आणि ४५ फुटांवर धोका, हे आकडे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असतात. ऑगस्ट २०१९ मध्ये हे पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले आणि टिळक चौक, मारुती चौक, स्टेशन रोड अशा ओळखीच्या जागांतून नावा फिरू लागल्या. माणसे गच्चीवर गेली, जनावरे मिळेल त्या उंचवट्यावर बांधली गेली. दारातल्या गाड्या मात्र जिथल्या तिथे बुडाल्या. पाणी ओसरल्यावर त्यांतील काही भंगारात गेल्या, काही धुऊन, रंगवून पुन्हा रस्त्यावर आल्या आणि त्यांतीलच एक साडेपाच वर्षांनी साताऱ्यात माझ्या दारासमोर उभी राहिली.

सातारा अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलेला असल्यामुळे आमच्याकडे महापूर येतो तो वर्तमानपत्रातून. महाबळेश्वरहून निघालेली कृष्णा माहुलीला वेण्णेला, कराडला कोयनेला आणि हरिपूरला वारणेला सोबत घेते. तेव्हा पाणी वरून तुम्हीच पाठवता, असे सांगलीचे मित्र आम्हांला चेष्टेने म्हणत असतात. त्यातले थोडेसे पाणी मी ४ लाख ३५ हजार रुपये मोजून परत वर आणले.

(दृश्य : रस्त्याच्या कडेला ओळीने लावलेल्या जुन्या गाड्या. काचांवर चुन्याने लिहिलेली वर्षे. फलक दिसू नये.)

घरच्या वापरासाठी एक बरी जुनी गाडी हवी होती. सांगलीतील एका विक्रेत्याकडे २०१८ सालची, एमएच १० पासिंगची, एकाच मालकाने वापरलेली गाडी आहे असे कळले. फोटो आले, किंमत कळली आणि सांगलीची गाडी म्हटल्यावर जो प्रश्न मनात यायला हवा तो सुदैवाने आला. मी तो फोनवर न विचारता व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून विचारला : ही गाडी पुरात सापडली होती का? चार मिनिटांत उत्तर आले : ‘‘नाही सर, पुराची गाडी आपण ठेवतच नाही. फर्स्ट ओनर, शोरूम मेंटेन.’’ या एका ओळीचे मोल पुढे माझ्या सगळ्या कागदपत्रांपेक्षा जास्त ठरले, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते.

टोकन म्हणून ५० हजार आणि ताबा घेताना आणखी १ लाख, असे दीड लाख रुपये मी क्रेडिट कार्डाने दिले व उरलेली रक्कम बँकेतून आरटीजीएसने पाठवली. कार्डासाठी विक्रेत्याने दोन टक्के, म्हणजे ३ हजार रुपये जादा घेतले. त्या बदल्यात एक गोल शिक्का मारलेली डिलिव्हरी नोट मिळाली, जिच्यावर छापले होते की गाडी पाहून, चालवून, पसंत करून, जशी आहे तशी घेतली असून नंतर कोणतीही तक्रार ऐकली जाणार नाही. त्याखाली मी सही केली. आष्टा, पेठ नाका, कराड अशी ती गाडी मी आनंदाने चालवत आणली आणि घरी आल्यावर आईने चाकाखाली लिंबू ठेवले.

नवव्या दिवशी डॅशबोर्डवरचे दिवे आपोआप लागू-विझू लागले. तेविसाव्या दिवशी पुण्याहून परतताना खंबाटकी घाट चढत असता गाडी बंद पडली आणि पुन्हा सुरू होईना. ती ओढून गोडोलीतील एका गॅरेजमध्ये आणली. तिथल्या मेस्त्रींनी बॉनेट उघडण्याआधी चालकाचा सीट बेल्ट धरला आणि तो शेवटपर्यंत ओढून बाहेर काढला.

(दृश्य : सीट बेल्टचा जवळून घेतलेला फोटो. पट्ट्याच्या शेवटच्या वीतभर भागावरील मातकट रेघ. दहा सेकंद शांतता.)

पट्ट्याचा रोज दिसणारा भाग धुता येतो, पण गुंडाळीत आत राहिलेला भाग धुवायचे कुणाच्या लक्षात येत नाही. मग त्यांनी पुढची खुर्ची काढली. तिच्या रुळांना आतून गंज चढला होता, पायाखालच्या कार्पेटच्या उलट बाजूस वाळलेला गाळ होता आणि वायरिंगच्या जोडांवर हिरवट थर धरला होता. पाणी शिरलेल्या वायरिंगचे दुखणे असे असते की तांब्याचे जोड लगेच तुटत नाहीत. ते महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे आतून खाल्ले जातात आणि विद्युतप्रवाह कधी मिळतो, कधी मिळत नाही. म्हणून अशी गाडी विकताना उत्तम चालते, आणि विक्रेता ती निर्धास्तपणे चालवायला देतो. मेस्त्रींनी थोडा गाळ एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिला व म्हणाले, ‘‘दादा, हे जपून ठेवा.’’ कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून गाडीची जुनी नोंद मागवली, तेव्हा ऑगस्ट २०१९ मध्ये ती ओढून आणली गेल्याची आणि आत पाणी शिरल्याची नोंद मिळाली.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या माझ्या मावसभावाने हे सारे ऐकले आणि तो निश्चिंतपणे म्हणाला की, कार्डाने पैसे दिलेस ना, मग कार्ड कंपनीकडून सगळी रक्कम मागून घे. त्याच्या देशापुरते ते अगदी बरोबर होते. तेथील १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या ७५ व्या कलमानुसार १०० पौंडांहून अधिक आणि ३० हजार पौंडांपर्यंत किंमत असलेल्या वस्तूचा काही भाग जरी क्रेडिट कार्डाने चुकता केला असेल, तरी विक्रेत्याच्या फसवणुकीला किंवा करारभंगाला कार्ड देणारी संस्थाही तितकीच जबाबदार धरली जाते. शिवाय २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने सदोष वस्तू पहिल्या ३० दिवसांत परत करून पैसे मागण्याचा हक्क दिला आहे, आणि तो व्यापाऱ्याकडून घेतलेल्या जुन्या गाडीलाही लागू होतो. आपल्याकडे कार्ड देणाऱ्या बँकेवर अशी सह-जबाबदारी टाकणारे कलम नाही. मला हे मान्य करायला दोन दिवस लागले, कारण मनातल्या मनात मी ते दीड लाख परत मिळाल्याचे धरून चाललो होतो.

आपल्याकडे असते ते चार्जबॅक, आणि तो कायद्याने दिलेला हक्क नसून कार्ड नेटवर्कच्या, म्हणजे व्हिसा-मास्टरकार्डसारख्या कंपन्यांच्या, नियमांतील एक मार्ग आहे. वस्तू सांगितल्याप्रमाणे नसेल किंवा सदोष असेल, तर ग्राहकाची बँक ती रक्कम विक्रेत्याच्या बँकेकडे परत मागते; विक्रेता पुरावा देऊन त्याला हरकत घेऊ शकतो. या मागणीसाठी साधारणपणे १२० दिवसांची मुदत असते आणि त्याआधी ग्राहकाने विक्रेत्याकडे दाद मागितलेली असावी, वस्तू परत केलेली किंवा परत देऊ केलेली असावी, अशी अपेक्षा असते. गाडी परत देऊ करणे म्हणजे फोनवर चिडून ‘‘घेऊन जा तुमची गाडी’’ म्हणणे नव्हे. म्हणून एकतिसाव्या दिवशी मी स्पीड पोस्टाने पत्र पाठवले, त्यात दोष, सर्व्हिस सेंटरची नोंद आणि गाडी परत देण्याची तयारी लिहिली आणि पोचपावती जपून ठेवली.

बँकेकडे अर्ज केला तरी कार्डाचे बिल मी पूर्ण भरले, हे इथे मुद्दाम सांगतो. वाद सुटेपर्यंत आकारणी न करण्याचे रिझर्व्ह बँकेचे संरक्षण ग्राहकाने ‘फसवा व्यवहार’ म्हणून नोंदवलेल्या, म्हणजे त्याने स्वतः न केलेल्या व्यवहारांसाठी आहे. इथे कार्ड मीच दिले होते. बिल थकवले असते तर व्याज वाढले असते, पत घसरली असती आणि मूळ वाद बाजूलाच राहिला असता.

बँकेने दीड लाख रुपये तात्पुरते माझ्या खात्यात जमा केले. पाच आठवड्यांनी ते परत काढून घेतले, कारण विक्रेत्याने ती डिलिव्हरी नोट माझ्या सहीसह पाठवली होती. मी पुन्हा लिहिले, बँकेने पुन्हा नकार दिला. तक्रारीवर ३० दिवसांत उत्तर न मिळाल्यास किंवा उत्तर न पटल्यास रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली विनामूल्य तक्रार करता येते. परंतु लोकपाल बँकेच्या सेवेतील त्रुटी पाहतो, गाडीतला गाळ नव्हे. माझ्या बँकेने तिचे काम नियमानुसार केले होते. खोटे बोलला होता तो विक्रेता, आणि त्याच्याशी लढण्याची जागा वेगळी होती.

(दृश्य : टेबलावर मांडलेले कागद. कार्डाचे मासिक विवरण, नोट, पोचपावती, गाळाची पिशवी.)

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे. जुन्या कायद्यात मला विक्रेत्याच्या पाठोपाठ सांगलीला जावे लागले असते. नव्या कायद्याच्या ३४ व्या कलमानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगापुढे तक्रार करता येते, म्हणून मी ती साताऱ्यात केली. गाडीची किंमत ५ लाखांच्या आत असल्याने शुल्क शून्य होते. दोन वर्षांची मुदत होती, पण पुरावा ताजा असतानाच गेलेले बरे.

विक्रेत्याला उत्तरासाठी ३० दिवस आणि आयोगाने दिल्यास आणखी १५ दिवस मिळतात. त्यापलीकडे मुदत वाढवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. त्याचे उत्तर चव्वेचाळिसाव्या दिवशी आले. त्यात दोन मुद्दे होते. पहिला, गाडी जशी आहे तशी विकली होती आणि माल पारखून घेणे हे खरेदीदाराचे काम आहे. दुसरा, आपण विक्रेता नव्हेच; आपण केवळ मध्यस्थ असून गाडी आरसीवरील मूळ मालकाने विकली.

पहिल्या मुद्द्यात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ चे १९ वे कलम सांगते की, समोरच्याने नुसते मौन पाळले असेल आणि साध्या दक्षतेने सत्य कळण्यासारखे असेल, तर नंतर करार मोडता येत नाही. मी गाडी घेण्यापूर्वी मेस्त्री नेला असता तर तो सीट बेल्ट तेव्हाच ओढला गेला असता, हे माझ्या वकिलांनीही मला ऐकवले. परंतु इथे मौन नव्हते. प्रश्न स्पष्ट विचारला होता आणि त्याचे स्पष्ट खोटे उत्तर मिळाले होते. १७ व्या कलमात कपटाची जी व्याख्या आहे तिची सुरुवातच अशा जाणूनबुजून केलेल्या खोट्या विधानापासून होते. तो व्हॉट्सअ‍ॅप संदेश, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणाऱ्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या ६३ व्या कलमानुसारच्या प्रमाणपत्रासह, आम्ही दाखल केला.

दुसऱ्या मुद्द्याला कार्डाने उत्तर दिले. रोख दिले असते तर पैसे कुणी घेतले यावरच वाद झाला असता. कार्डाच्या विवरणात मात्र दोन्ही तारखांना, दोन्ही रकमांसमोर त्याच्याच व्यवसायाचे नाव छापलेले होते आणि वरचे ३ हजारही त्यात होते. मूळ मालकाचे त्यात कुठेही नाव नव्हते. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्याला परिवहन विभागाचे अधिकारपत्र घ्यावे लागते, आणि त्याच्यामार्फत विक्रीला आलेल्या गाडीचा मानीव मालक तोच समजला जातो. हे अधिकारपत्र कुठे आहे, या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हते. ज्या कार्डाकडून मी जामीनकीची अपेक्षा केली होती ते शेवटी साक्षीला उभे राहिले.

गाडी तपासणीला पाठवायची असेल तर निकालासाठी तीनऐवजी पाच महिन्यांची मुदत कायद्यात आहे, आणि प्रत्यक्षात तारखा त्याहून लांबतात हे आयोगाच्या बाहेरच्या बाकावर बसणाऱ्या कुणालाही विचारावे. त्यामुळे कायद्यातील तरतुदीनुसार मध्यस्थीचा पर्याय पुढे आला तेव्हा दोघांनीही होकार दिला. दोन बैठकांत ३ लाख ९५ हजारांवर समेट झाला. त्यातले दीड लाख त्याच कार्डावर आणि उरलेले माझ्या बँक खात्यात. दुरुस्तीचा खर्च, ओढून आणण्याचे भाडे आणि ते ३ हजार माझ्या अंगावर राहिले.

आरसीवर माझे नाव चढलेले असल्याने गाडी नुसती नेऊन सोडणे धोक्याचे होते. आरसीवर ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले आहे. म्हणून फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होऊन हस्तांतरणाची नोंद होईपर्यंत मी विमा चालू ठेवला आणि चावी दिली नाही.

तडजोडपत्रात एकंदर सहा अटी आहेत. रक्कम, तिचे हप्ते, कार्डावरचा परतावा, हस्तांतरण आणि तक्रार मागे घेणे या पाच अटी पहिल्याच बैठकीत ठरल्या. सहावी अट मी घातली होती : ही गाडी पुढे ज्याला विकली जाईल त्याला ती २०१९ च्या पुरात बुडाली होती हे लेखी सांगितले जाईल. पैशांवर विक्रेत्याने फारशी घासाघीस केली नव्हती. दुसरी बैठक केवळ या अटीसाठी घ्यावी लागली.

(दृश्य : एसटीच्या खिडकीतून दिसणारा कृष्णेचा पूल. हळूहळू काळोख.)